फिरायला कोण जातो? : सावकाश चालण्याच्या मराठी शब्दांचा मागोवा

मराठीत चालण्यासाठी शब्दांची ददात नाही. पण हे शब्द एका कागदावर मांडून पाहिले, की त्यांतले बहुतेक कष्टाचे, घाईचे नाहीतर कामाचे निघतात. पायपीट, वणवण, तंगडतोड, दौड, मजल, खेप, हेलपाटा. यातला ‘हेलपाटा’ तर असा, की दुसऱ्या भाषेत सांगताना त्याच्यावर अख्खे वाक्य खर्ची पडावे : काम व्हावे म्हणून गेलो आणि काम न होताच परत आलो. या गर्दीत विनाकारण, सावकाश, चालण्याच्या सुखासाठी चालणे सांगणारे शब्द मोजकेच आहेत. शतपावली, फेरफटका, रपेट, हवा खाणे, भटकंती, अलीकडचा मॉर्निंग वॉक. आणि त्यांच्या जोडीला ‘रमतगमत’ व ‘सावकाश’ ही दोन क्रियाविशेषणे.

गेली काही वर्षे मी हे शब्द टिपून ठेवतो आहे. शब्द कोणत्या काळात रुळला, कोणत्या क्रियापदाशी त्याची सोयरीक आहे, कोण कोणाला उद्देशून तो वापरतो. सुरुवातीला हा निव्वळ शब्दांचा छंद होता. टिपणे वाढत गेली तसे ध्यानात आले, की हे शब्द चालण्याविषयी थोडे आणि परवानगीविषयी जास्त बोलतात. काही काम नसताना रस्त्यावर असण्याची मुभा कोणाला होती, कोणाला नव्हती, आणि ती कोणी कशी मिळवली, याचा बराचसा इतिहास या शब्दांच्या पोटात आहे. ‘फिरायला जाणे’ हा आपल्याला अगदी साधा वाटणारा प्रयोग. त्याचा कर्ता बदलून पाहिला, की तो साधा राहत नाही.

विहरण आणि अटन

सुरुवात मराठी गद्याच्या सुरुवातीपासूनच करता येते. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले. स्वामींच्या दिनक्रमातले काही शब्द त्यात पुन्हा पुन्हा येतात : पूजावसर, आरोगणा, पहुड आणि विहरण. पूजा, जेवण, झोप यांच्या बरोबरीने फिरणे हाही दिवसाचा एक ठरलेला भाग आहे. मुक्कामाच्या जागेहून निघावे, गावाबाहेरच्या देवळाकडे किंवा नदीकाठी जावे, बरोबर भक्तजन असावेत, वाटेत काही दिसले की त्यावरून बोलणे निघावे, आणि परतावे. असे हे विहरण. पुढे पंथीयांनी स्वामी कोठे बसले, कोठे राहिले, याच्या नोंदी स्थानपोथीत केल्या आणि त्या जागी ओटे बांधले. एका माणसाच्या सावकाश चालण्यातून एका पंथाचा भूगोल तयार झाला.

याच परंपरेत दुसरा शब्द आहे, अटन. शिष्याने एकट्याने, गावोगाव, कोठेही जीव न गुंतवता फिरत राहावे, भिक्षेवर जगावे, झाडाखाली निजावे, ते अटन. त्याला पंथात मोठा मान आहे. ते हलके नव्हे, कठीण मानले आहे. पण शब्द वेगळे आहेत. परत येणाऱ्याचे चालणे विहरण, न परतणाऱ्याचे अटन. ‘विहार’ या शब्दातही ही दोन्ही टोके दिसतात. बौद्धांचा विहार म्हणजे राहण्याची जागा, आणि जैन साधुसाध्वी एका गावाहून दुसऱ्या गावी पायी निघाल्या की त्या चालण्याला आजही ‘विहार’च म्हणतात. मुळात शब्द एकच. एकाने त्यातला मुक्काम घेतला, दुसऱ्याने वाट.

परतीची वाट धरून चालणे आणि ती सोडून चालणे, हा फरक पुढे लक्षात ठेवायचा आहे. सुमारे सहाशे वर्षांनी तोच फरक कायद्याच्या भाषेत उतरला, तेव्हा तो इतका सात्त्विक राहिला नव्हता.

पोटासाठी शंभर पावले

‘शतपावली’ हा आपल्या घरातला शब्द. त्याचा उगम वैद्यकात आहे. जेवण झाल्यावर अन्नाचा जडपणा ओसरेपर्यंत स्वस्थ बसावे, मग शंभर पावले चालावे आणि डाव्या कुशीवर पडावे, असा सल्ला सुश्रुतसंहितेत आहे. हे फिरणे औषधासारखे आहे. त्याला मात्रा आहे, वेळ आहे आणि फळही आहे. चालायचे ते सुखासाठी नव्हे, पचनासाठी. त्यामुळे कोणी त्याला रिकामटेकडेपणा म्हणू शकत नाही.

शतपावलीचे क्रियापदही पाहण्यासारखे आहे. शतपावली आपण ‘घालतो’. प्रदक्षिणाही घालतो, येरझाराही घालतो. उलट फेरफटका ‘मारतो’, चक्कर मारतो, रपेट मारतो; गप्पाही मारतो आणि थापाही. ज्या चालण्याला धर्माचे, वैद्यकाचे किंवा निदान काळजीचे कारण आहे ते घालायचे, आणि ज्याला काहीच कारण नाही ते मारायचे, अशी वाटणी मराठीने केलेली दिसते. नियमाला अपवाद निघतील, पण कल स्पष्ट आहे. बिनकामाच्या चालण्याला भाषेने गप्पांच्या आणि थापांच्या पंगतीला बसवले आहे.

शतपावलीची जागा म्हणजे अंगण, ओटी, वाड्याचा चौक, पुढे चाळीची गॅलरी आणि गच्ची. ती घराबाहेर जात नाही. तरीही ती घरातल्या सगळ्यांची नव्हती. पहिल्या पंगतीला पुरुष, मग मुले आणि शेवटी बायका, असे जिथे घराचे वेळापत्रक होते, तिथे पुरुषांची शतपावली चाले तेव्हा बायका जेवायला बसत. त्यांचे जेवण झाले, की उष्टी-खरकटी, भांडी आणि उद्याची तयारी. आमच्या घरी आजोबांची शतपावली घड्याळासारखी चाले. आजीने ती घातल्याचे मला आठवत नाही. तिची पावले शंभराहून किती तरी जास्त होत असणार. पण त्यांना कोणी नाव दिलेले नव्हते.

फिरणे म्हणजे वळणे

आता मुख्य क्रियापद, ‘फिरणे’. त्याचा मूळ अर्थ चालणे नव्हे, वळणे. चाक फिरते, डोके फिरते, दैव फिरते, माणूस शब्दाला फिरतो, आणि माघारी फिरतो. फेर, फेरी, फेरा हे सगळे याच कुळातले. म्हणजे मराठीत सहज चालणे सांगायचे झाले, तर भाषेने वेग पाहिला नाही, दिशा पाहिली. सरळ जाणारा तो चालणारा. वळून परत येणारा तो फिरणारा.

विष्णुभट गोडसे वरसईहून उत्तरेकडे निघाले ते दक्षिणा मिळावी म्हणून, आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. ‘माझा प्रवास’मधले त्यांचे शेकडो कोसांचे चालणे फिरणे नव्हे. त्या चालण्याचे माप ‘मजल’. मूळ अरबीतल्या या शब्दाचा अर्थ उतरण्याची जागा, पडाव. मजल दरमजल करणाऱ्याचे लक्ष पुढच्या पडावावर असते. फिरायला निघालेल्याला पडाव नसतो, कारण त्याचा पडाव मागेच आहे. त्याचे घर.

‘मी जरा फिरून येतो’ या वाक्यातला ‘येतो’ म्हणूनच मोलाचा. फिरणारा माणूस उंबरठ्यावरच परत येण्याची हमी देतो. आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात, ही रीत तर आहेच. पण फिरण्याच्या बाबतीत ती रीत शब्दाच्या अर्थातच मुरली आहे.

या कुळातले दोन शब्द फार वेगळ्या वाटांनी गेले. ‘फेरीवाला’ डोक्यावर पाटी घेऊन दिवसभर फिरे, पण त्याला कोणी ‘फिरायला गेला’ म्हटले नाही. पोटासाठी फिरणाऱ्याची ती फेरी, फेरफटका नव्हे. आणि ‘प्रभातफेरी’. स्वातंत्र्याच्या चळवळीत पहाटे गाणी म्हणत गल्लीबोळांतून फिरणाऱ्या लोकांनी सकाळच्या फेरीला राजकीय अर्थ दिला. सावकाश चालणे हेच तिथे चळवळीचे साधन होते. धावणाऱ्यांचा जमाव पांगवायला सरकारला निमित्त मिळते. गात गात सावकाश जाणाऱ्यांचे काय करायचे, हा प्रश्न अधिक अवघड.

खायची हवा, पाहायचे पॉइंट

‘हवा खाणे’ हा प्रयोग मराठीत फारसी-हिंदुस्तानीच्या वाटेने आला. फारसीत आणि तिच्यावरून हिंदुस्तानीत ‘हवाखोरी’ म्हणजे मोकळ्या हवेत फिरणे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या आरोग्याच्या कल्पना आल्या आणि या जुन्या प्रयोगाला नवा जोम मिळाला. मैदानाची हवा वाईट, डोंगराची चांगली. बंद गल्ल्यांची वाईट, नदीकाठची चांगली. पुण्यात मुळा-मुठेवर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५० मध्ये बंधारा पुरा झाला. त्याच्या काठची बाग ‘बंड गार्डन’ म्हणून प्रसिद्धीला आली, ती हवा खायला जाण्याची जागा म्हणूनच. हवा खायला जाणारा माणूस पायीच असला पाहिजे असेही नव्हते. बग्गीतून जाणाराही हवा खात असे. रपेट हाही मुळात घोड्यावरचा शब्द. पायी फिरणाऱ्यांनी तो नंतर उसना घेतला आणि आपल्या पायांना थोडी घोड्याची ऐट दिली.

याच हवेसाठी सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८२८ पासून, महाबळेश्वरचे थंड हवेचे ठाणे उभे राहिले. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानचा डोंगर चढून गेले आणि तिथेही वसाहत सुरू झाली. १९०७ मध्ये नेरळहून छोटी आगगाडी वर पोचली. या दोन्ही ठिकाणांनी मराठीला एक नवा शब्द दिला, ‘पॉइंट’. एल्फिन्स्टन पॉइंट, लॉडविक पॉइंट, लुईझा पॉइंट. त्याआधी डोंगराच्या टोकाला आपल्याकडे नावे होती, ती नेढे, माची, बुरूज, सुळका अशी. जागेच्या आकारावरून किंवा उपयोगावरून पडलेली. पॉइंट म्हणजे अशी जागा, जिथे जाऊन पाहण्यापलीकडे काहीच करायचे नसते. बिनकामाच्या चालण्याला पहिल्यांदा बिनकामाचे ठिकाण मिळाले.

पण त्या वाटा तयार कोणी केल्या? महाबळेश्वरला माल्कम यांच्या काळातच तुरुंग झाला होता. तिथे पूर्वेकडच्या वसाहतींतून आणलेले चिनी आणि मलायी कैदी ठेवलेले होते. गावातल्या रस्त्यांवर त्यांची मेहनत आहे आणि बटाट्यासारख्या भाज्यांच्या लागवडीतही. ‘तुरुंगाची हवा खाणे’ हा आपला वाक्प्रचार तिथे अक्षरशः खरा झाला होता. एकाच डोंगरावर काहीजण हवा खात होते, आणि तुरुंगाची हवा खाणारे त्यांच्यासाठी वाट बांधत होते. माथेरानला मोटारी चालत नाहीत, म्हणून आपण त्याला चालणाऱ्यांचा स्वर्ग म्हणतो. त्याच तांबड्या मातीच्या चढावर एकविसाव्या शतकातही माणसे माणसांना हातरिक्षात बसवून ओढत होती.

कर्ता बदलला की

‘तो संध्याकाळी फिरायला जातो’ हे वाक्य प्रकृतीविषयी आहे. ‘ती संध्याकाळी फिरते’ हे वाक्य, निदान दोन पिढ्यांपूर्वीच्या मराठीत, चारित्र्याविषयी होते.

बाईच्या आणि मुलांच्या फिरण्याला मराठीने दिलेले शब्द पाहिले, की त्यांतले बरेच गोठ्यातून आलेले दिसतात. मोकाट, उंडारणे, उधळणे. दावे सुटलेले गुरू उंडारते. म्हणजे मूळ कल्पना अशी, की हिची जागा दावणीला आहे आणि हे चालणे म्हणजे दावे तोडणे. मुलगा उंडगा किंवा उनाड ठरला, तर दोष आळसाचा असतो. लग्न झाले, नोकरी लागली की तो पुसला जातो. मुलगी उंडगी ठरली, भटकभवानी किंवा गावभवानी ठरली, तर तो दोष तिच्या नावाला कायमचा चिकटतो. ‘बाहेरख्याली’ या शब्दात तर ‘बाहेर’ हीच बदनामी आहे.

हे शब्द रस्त्यावर कसे वागत, याची साक्ष आनंदीबाई जोशी यांनी दिली आहे. अमेरिकेला निघण्यापूर्वी, १८८३ च्या सुरुवातीला, बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्यांनी भाषण केले. मुंबईत पुस्तके हातात घेऊन शाळेत जाताना काय होई, ते त्यांनी त्यात सांगितले. लोक खिडक्यांतून डोकी बाहेर काढत, गाड्या थांबवत, रस्त्यात उभे राहून मोठ्याने हसत. ध्यानात घेण्यासारखे हे, की त्या फिरायला निघालेल्या नव्हत्या, शाळेत जात होत्या. कामासाठी चालणाऱ्या बाईचे हे हाल, तर बिनकामाने चालणाऱ्या बाईसाठी त्या काळाच्या भाषेत प्रतिष्ठित शब्द असण्याचे कारणच नव्हते.

बायकांचे चालणे नव्हते असे नाही. पाण्याची खेप, बाजार, देवदर्शन, वडाची पूजा, वारी. प्रत्येक चालण्याच्या हातात एक कारण होते : कळशी, पिशवी, पूजेचे ताट, डोक्यावरची तुळस. कारण हातात दिसले पाहिजे, अशी अट होती. ही अट अजून पुरती उठलेली नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांच्या वावराचा अभ्यास करून २०११ मध्ये ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचे म्हणणे असे, की शहरात बाईला कामासाठी बाहेर पडता येते. बिनकामाने थांबता, रेंगाळता येणे हा खरा हक्क आणि तोच मिळालेला नाही. या पुस्तकाचे नाव मराठीत कसे आणावे, हे मी बरेचदा योजून पाहिले. रेंगाळणे म्हटले तर त्यात दिरंगाई येते, उंडारणे म्हटले तर दावे येते, टाइमपास म्हटले तर थिल्लरपणा येतो. ज्या गोष्टीला समाजाने मान दिला नाही, तिला भाषेत मानाचा शब्द सापडत नाही.

पर्वतीची वाट

रस्त्यावर असणे हीच गोष्ट जिथे काहींना मना होती, तिथे सावकाश चालण्याचा प्रश्न आणखी मागे जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्यांच्या चालण्यावर असलेल्या जाचक अटींचा उल्लेख केला आहे. पावलांच्या खुणा पुसण्यासाठी कमरेला झाडू आणि थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके. ज्याला स्वतःचे पाऊल उमटवण्याचीही बंदी, त्याला शतपावली हा शब्द काय सांगणार?

पुण्यात फिरायला जाण्याची सर्वांत जुनी ठरलेली वाट म्हणजे पर्वतीची. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये तिथे देवदेवेश्वराचे देऊळ बांधले. पायऱ्या चढाव्यात, वरून शहर पाहावे, देवाला नमस्कार करावा आणि उतरावे. विहरण, प्रदक्षिणा आणि हवा खाणे या तिन्हींचा मेळ त्या टेकडीवर आहे. पिढ्यान् पिढ्यांच्या पुणेकरांनी तिथे पाय मोकळे केले. ऑक्टोबर १९२९ मध्ये याच वाटेने शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आणि त्यांचे सहकारी देवळात प्रवेश मागायला चढले. एस. एम. जोशींसारखे तरुणही त्या सत्याग्रहात होते. सत्याग्रहींवर सनातन्यांनी दगडफेक केली. मागणी देवळाच्या दाराची होती, हे खरे. पण ज्या पायऱ्या शहरातल्या एका वर्गाला रोजचा व्यायाम होत्या, त्याच दुसऱ्या वर्गाला सत्याग्रह करून चढाव्या लागल्या, हेही तितकेच खरे. मराठीतल्या ‘पर्वतीला जाऊन येतो’ या निवांत वाक्याला हा दुसरा इतिहासही आहे.

भटकणे : एक क्रियापद, दोन दाखले

आता त्या शब्दाकडे येतो, ज्याने मला हा लेख लिहायला लावला. ‘भटकणे’.

आज ‘भटकंती’ हा मोठा लाडका शब्द आहे. गोनीदांनी मराठी वाचकाला गडकोटांवर पायी फिरण्याची गोडी लावली. नर्मदा परिक्रमेवरच्या त्यांच्या कादंबरीचे नाव ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’. पुढे गिरिभ्रमण मंडळे निघाली, वर्तमानपत्रांत भटकंतीची सदरे आली, आणि ‘मी भटक्या आहे’ असे सांगणे म्हणजे स्वतःचे कौतुक झाले.

त्याच वेळी ‘भटक्या’ हा शब्द दुसऱ्या एका कागदावरही छापला जात होता. १८७१ मध्ये ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि १९११ च्या नव्या कायद्याने त्याची कक्षा सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानभर वाढली. नोंद झालेल्या जमातीतल्या माणसांना ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे आणि पास घेतल्याशिवाय जागा सोडता येत नसे. सोलापूरला अशा जमातींची कुंपणाची वसाहत होती. फिरत्या जमातींकडे पाहण्याची सरकारची नजरच संशयाची होती. फिरणाऱ्याला घर नाही, घर नाही म्हणजे पत्ता नाही, आणि पत्ता नाही म्हणजे तो चोर, असे ते तर्कशास्त्र.

हे तर्कशास्त्र राज्यकर्त्यांनी आपल्या देशातूनच आणले होते. इंग्रजीत आज ‘स्ट्रोल’ म्हणजे निवांत फेरफटका. पण सतराव्या शतकात तोच शब्द बेघर, उपऱ्या माणसाच्या भटकण्यासाठी वापरला जाई, आणि ‘स्ट्रोलर’ म्हणजे कायद्याने धरण्यालायक माणूस. पुढे सुखवस्तू वर्गाला फिरण्याची आवड लागली, तेव्हा तो शब्द धुऊन स्वच्छ झाला. शब्द स्वच्छ झाला तरी बेघर माणसाकडे पाहण्याची नजर तीच राहिली, आणि ती नजर वसाहतींत कायदा होऊन आली.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा संपला. त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. महाराष्ट्रात आज विमुक्त जाती आणि भटक्या जमाती या आरक्षणाच्या रीतसर वर्गवाऱ्या आहेत. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ने १९८७ मध्ये हे जगणे मराठी साहित्यात आणले. ‘उपरा’मधले चालणे गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड लादून, गावाबाहेरच्या पालापासून पुढच्या गावाबाहेरच्या पालापर्यंतचे. त्यात रमतगमत काहीच नाही.

कायदा गेला, पण नजर गेली नाही. मुंबई राज्याने १९५९ मध्ये भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. त्यातल्या भीक मागण्याच्या व्याख्येत एक कलम असे आहे, की उपजीविकेचे दिसते साधन नसलेला माणूस सार्वजनिक जागी फिरताना किंवा थांबलेला आढळला आणि तो भिकेवर जगत असावा असे त्याच्या अवस्थेवरून वाटले, तरी तो त्या व्याख्येत बसू शकतो. हात पसरण्याची गरज नाही. तुम्ही-आम्ही संध्याकाळी चौपाटीवर करतो, तेच तोही करत असतो. फरक कपड्यांचा आणि उंबरठ्याचा.

म्हणून एकाच क्रियापदाचे दोन दाखले झाले. एकाने आपल्या समाजमाध्यमावरच्या ओळखीत ‘भटक्या’ असे हौसेने लिहिले. दुसऱ्याला तेच सिद्ध करण्यासाठी तहसील कचेरीत हेलपाटे घालावे लागतात, कारण जन्मभर फिरणाऱ्याकडे एका जागी राहिल्याचा कागद नसतो. शब्दाचा अर्थ ठरवणारी गोष्ट दोन्हीकडे एकच आहे. परत जायला घर आहे की नाही.

मॉर्निंग वॉक

शतपावलीचा आधुनिक वारस म्हणजे मॉर्निंग वॉक. तोही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर चालतो; शंभर पावलांचे दहा हजार झाले आणि मोजणारे यंत्र मनगटावर आले, एवढेच. निवृत्त माणसे, मधुमेही माणसे, मैत्रिणींचे घोळके. मराठीतला याहून निरुपद्रवी शब्द सांगता येणार नाही, असे वाटत होते.

२० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकर फिरायला गेले असताना त्यांची गोळ्या झाडून हत्या झाली. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे आणि उमाताई सकाळी फिरून परतत असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी पानसरे गेले. त्यानंतर महाराष्ट्रात ‘मॉर्निंग वॉकला जात जा’ हे वाक्य धमकी म्हणून वापरले गेले. प्रकृतीची काळजी करणारे वाक्य जिवाची भीती घालणारे झाले. शब्द तेच, उच्चारही तोच.

याला कोल्हापूरकरांनी दिलेले उत्तर भाषेच्या अभ्यासकाने टिपून ठेवावे असे आहे. कार्यकर्ते आणि नागरिक दर महिन्याला एकत्र जमून सकाळी चालू लागले, आणि त्या चालण्याला त्यांनी नाव दिले ‘निर्भय मॉर्निंग वॉक’. त्यांनी नवा शब्द घडवला नाही. बाटलेला शब्दच पुन्हा वापरात आणला, आणि तो चालून दाखवला. प्रभातफेरी काढणाऱ्यांची आठवण व्हावी असा तो प्रकार होता. घाबरलेला माणूस एकतर घरात बसतो नाहीतर धावतो. सावकाश चालत राहणे हेच तिथे म्हणणे होते.

अवकाशासह

आता शेवटची दोन क्रियाविशेषणे. ‘रमतगमत’मधले रमणे सगळ्यांना कळते. ‘गमणे’ म्हणजे करमणे. वऱ्हाडात ‘मले गमत नाही’ हे अजून रोजचे वाक्य आहे. रमतगमत चालणे म्हणजे जिथे आहोत तिथेच जीव लागलेला असणे, पुढच्या पडावावर लक्ष नसणे. अशा चालण्याला पोचण्याची घाई नसते, कारण तो माणूस प्रत्येक पावलाला पोचलेलाच असतो.

आणि ‘सावकाश’. आपण त्याचा अर्थ हळू असा करतो. मूळ संस्कृतात तो स-अवकाश, म्हणजे अवकाशासह : मोकळीक असलेला, जागा असलेला. माझ्या टिपणांतल्या सगळ्या शब्दांची चावी मला या एका शब्दात सापडली. सावकाश चालायला वेळ लागतो, असे आपण समजतो. वेळ तर पालावरच्या माणसाकडेही होता, दावणीच्या उपमेत बांधलेल्या बाईकडेही दुपारी घटकाभर होता, हजेरीच्या दोन वेळांमधल्या कैद्याकडेही होता. त्यांच्याकडे अवकाश नव्हता. मला कोणी हटकणार नाही, कोठे निघालात म्हणून विचारणार नाही, हसणार नाही, दगड मारणार नाही, अशी जागा नव्हती.

एखादे शहर किती सुधारले, हे मोजायला माणसे उड्डाणपूल मोजतात आणि गाड्यांचे वेग मोजतात. मी संध्याकाळी रस्त्याच्या कडेने सावकाश चालणारी माणसे पाहतो. त्यांत कोण कोण आहे, एकटी बाई आहे का, पालावरचे पोर आहे का, आणि त्यांच्या हातात कारण म्हणून काही धरलेले आहे की हात मोकळे आहेत. ज्या दिवशी या सगळ्यांसाठी ‘फिरायला गेलेत’ हे एकच वाक्य, एकाच सुरात वापरता येईल, त्या दिवशी मराठीत ‘सावकाश’ हा शब्द आपल्या मूळ अर्थाला पोचेल.